फाटक कोणी लावलं?

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी एका कागदावर सही केली, आणि साडेअकराला संस्कृती आपलं कार्ड टेबलावर ठेवून ऑफिसातून निघून गेली. रडली नाही की भांडली नाही. दारातून एकदा माझ्याकडे वळून बघितलं, तेवढंच.

झालं होतं ते असं. आमच्या गेमचा तीन मिनिटांचा व्हिडिओ गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी नेटवर टाकला. तीन वर्षं राबून केलेला गेम, दिवाळीत बाजारात यायचा, त्याआधी त्याचं नखही बाहेर दिसायला नको होतं. सकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी तो बघून टाकला होता. पुण्याच्या हेड ऑफिसनं आठ वाजता आमच्या विभागप्रमुखांना, कानिफनाथ सरांना फोन केला आणि सांगितलं, माणूस शोधा.

शोधायला फार लागलं नाही. आमच्या गेमच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन गोष्टी दिसतात. एक त्या दिवसाच्या बिल्डचं नाव, दुसरा कॉम्प्युटरचा नंबर. बिल्ड म्हणजे रोज सकाळी तयार होणारी गेमची ताजी प्रत. आकडे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून आम्ही रोजच्या बिल्डला जिल्ह्यातल्या एकेका गावाचं नाव देतो. व्हिडिओच्या कोपऱ्यात होतं 'नेवासा – ११'. नेवासा हे गुरुवारचं बिल्ड. अकरा नंबर संस्कृतीचा.

सरांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "मुबश्शिरा, टेस्टिंगची प्रमुख तू. बघ आणि लिहून दे."

मी बघितलं आणि लिहून दिलं. मी मुबश्शिरा बागवान. लोकांच्या चुका काढणं हा माझा नऊ वर्षांचा धंदा, आणि त्यात मी कुणाच्या बापाला भीत नाही. टेस्टरची प्रत्येक तक्रार गाव आणि नंबरापासून सुरू होते, त्यामुळे आमची नजर आधी कोपऱ्यावर जाते. त्या दिवशी माझी नजर कोपऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

दुपारी तीनला, उशिरा डबा खाताना तक्रारवहीत नोंद करायची म्हणून मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पुरता लावला. दुसऱ्या मिनिटाला एक पांढरी शेळी दगडी भिंतीतून आरपार चालत गेली.

घास तोंडातच राहिला. या अल्लाह! ती शेळी गुरुवारी भिंतीतून जाऊच शकत नव्हती.

२

आता आमचं घरटं कसं बांधलंय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

'निंबोणी गेम्स' ही पुण्याची कंपनी, पण गेम घडवणारा विभाग केडगावला, पुणे रोडवर, एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चाळीस माणसं. गट एक ओमचा. तो मोबाईलवरचे कॅरम आणि पतंगाचे गेम करतो आणि पगार त्यातून निघतात. गट दोन संस्कृतीचा. तिचा एकच मोठा गेम, 'हाकारा'. त्यात एका पोरीनं दिवस मावळायच्या आत रानात पांगलेल्या शेळ्या घरी आणायच्या. कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायला खाजाभाई. आणि कोपऱ्यात, संडासाच्या दाराशेजारी, आम्ही दोन टेस्टर. सगळ्यांवर कानिफनाथ सर. हा विभाग त्यांनीच उभा केला. बारा वर्षांपूर्वी चार कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले होते.

सरांचा एक नियम होता. सकाळच्या चहानंतर प्रत्येकानं, मग तो कुठल्याही गटाचा असो, दहा मिनिटं 'हाकारा' खेळायचा. मी मागं उभी राहून बघायचे. माणसाचं अक्षर ओळखू यावं तसा त्याचा खेळ ओळखू येतो. ओम कुणी पाठी लागल्यासारखा पळत सुटतो, निम्म्या शेळ्या मागंच. खाजाभाई पहिल्या मिनिटात विहिरीत पडतात आणि आठ महिन्यांत त्या विहिरीच्या पुढं गेलेले नाहीत. संस्कृती आधी करडं गोळा करते. सर फाटकातून पुढं गेले की मागं वळून फाटक लावतात. त्या फाटकाचा गेमला काडीचा उपयोग नाही. तशी मी तक्रारही केली होती. सर हसले होते, "ऱ्हाऊ दे गं. उघडं टाकलं की गुरं शिरतात." मग कळलं की फाटक आधी नुसतं उघडायचं. ते लावायची सोय संस्कृतीनं मुद्दाम सरांसाठी करून दिली होती, त्यांच्या वाढदिवसाला.

आता त्या शेळीचं. सोमवारी रात्री भिंत नव्यानं रचली आणि त्या गडबडीत मंगळवारच्या बिल्डमध्ये शेळी भिंतीतून जायला लागली. दुपारी मी तक्रार लिहिली, संध्याकाळी संस्कृतीनं चूक दुरुस्त केली. बुधवारच्या बिल्डमध्ये शेळी भिंतीला धडकून गुमान मागं वळायची. ती चूक एका दिवशी जन्मली आणि मेली त्याच दिवशी. मंगळवारचं बिल्ड, नाव 'शेवगाव'.

म्हणजे व्हिडिओ शेवगावचा होता आणि त्यावर 'नेवासा – ११' नंतर चिकटवलं होतं. मुद्दाम, पोरीला गोत्यात आणायला. आणि त्यावर शिक्का मारला होता मी.

मी तशीच उठून सरांच्या केबिनकडे निघाले, तर वाटेत सरांचाच आवाज आला. ते फोनवर होते. "व्हय मॅडम. उद्या पाच वाजता पत्र देऊ तिला. आणि बाकीच्या कंपन्यांनाही कळवून टाका, उगं दुसऱ्याला ताप नको."

म्हणजे नुसती नोकरी जाणार नव्हती. संस्कृतीला, नेवाशाहून आलेल्या त्या पोरीला, या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्या हातात सव्वीस तास होते.

३

आधी खाजाभाईंना गाठलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, थंडीत काय नि उन्हाळ्यात काय, सर्व्हरच्या खोलीत कानटोपी घालून बसतो.

"खाजाभाई, मंगळवारचं बिल्ड गुरुवारी कुणाकडं असू शकतं?"

"कुणाकडं नाही, बेटा. रोज सकाळी नऊला माझं मशीन झाडू मारतं. सगळ्यांचं जुनं पुसतं, नवं टाकतं."

"सगळ्यांचं?"

त्यांनी कानटोपी मागं सारली. हा माणूस खोटं बोलायचं झालं की डोकं खाजवतो, पण आता खाजवलं नाही. "जे चालू असेल त्यांचं. बंद मशीनला कसा झाडू मारणार? बुधवारी, गुरुवारी नऊला दोनच मशीनं बंद होती. ओमचं, तो चुलतभावाच्या लग्नाला गेल्ता. आणि सरांचा लॅपटॉप, तो त्यांच्यासंगं पुण्याला होता."

"आणि तुमच्या कपाटात जुनी बिल्डं असतातच."

"असतात की! चावी माझ्याच कमरेला." ते एकदम चिडले. "मग घे माझं नाव! तीन वर्षं राहिलीत माझी. पुण्यात ऐकलं की सगळं सर्व्हरचं काम बाहेर द्यायचंय. मला तर राग यायला कारणही हाय!"

"मी नाव घेतलंय का तुमचं?"

"सकाळी तिचं तरी कुठं इचारून घेतलंस?"

मी उठले.  जाताना ते मागून म्हणाले, "ओम लग्नाला होतो म्हणतो ना सगळ्यांना, त्याला विचार. गुरुवारी चारला त्याची मोटारसायकल मी खाली बघितली."

४

ओम कँटीनमध्ये वडापाव खात होता. चेहरा असा की जणू गावात काही झालंच नाही.

"लग्न कसं झालं रे?"

"मस्त झालं ताई. आमटी एक नंबर."

"आणि गुरुवारी चार वाजता अक्षता टाकायला इथं आला होतास का?"

वडा खाली ठेवला त्यानं. आधी उडवाउडवी, मग शपथा, मग एकदम पडला चेहरा. "ताई, कुणाला सांगू नका. माझी चित्रं कॉपी करायला आल्तो. बंगळूरच्या एका कंपनीत अर्ज टाकतोय. दोन गटांचा एक गट करणार म्हणतात. एका गटाला दोन म्होरके लागत नाहीत. राहणार संस्कृतीच, हे काय मला कळत नाही होय?"

"म्हणजे ती गेली तर तुझं भलंच."

"भलं होतंय म्हणून मी केलं का?" त्याचे डोळे भरून आले, आणि मला त्याची कीव न येता रागच आला. कारण सकाळी संस्कृती निघाली तेव्हा याच पठ्ठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, शेवटी स्वभावाला औषध नसतं.

राहिले सर. मी केबिनमध्ये गेले तेव्हा ते गुंडाळी केलेला एक मोठा कागद ड्रॉवरमध्ये ठेवत होते. ड्रॉवरला कुलूप लावलं, मग मला बसायला सांगितलं. स्वतःच्या किटलीतला चहा ओतून दिला. माझ्या अब्बांच्या आजारपणात याच माणसानं मला दीड महिना भरपगारी सुट्टी दिली होती, हे इथं लिहिलंच पाहिजे.

"सर, कोपरा बनावट आहे. संस्कृतीनं केलेलं नाही."

त्यांनी किटली खाली ठेवली. "लेखी दिलंयस तू."

"चुकलं माझं."

"मुबश्शिरा, लई खोल जाऊ नको. पुण्याला एक नाव पायजे, ते मिळालंय. न्हाई मिळालं तर चाळीस जणांवर येईल."

"पुण्याला काय ठरलं परवा?"

"काय ठरायचंय? एसीचा खर्च, लाईटबिल."

"तुमच्या लॅपटॉपवर मंगळवारचं बिल्ड होतं ना?"

"आसंल. मला कुठं सवड गेम खेळायला? उघडलाच न्हाई." असं म्हणून त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

शनिवारी पहाटे फजरची नमाज झाली आणि मी चहा घेऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला. विसाव्यांदा असेल. शेळीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. फक्त पोरीकडे बघायचं, ती कुणाच्या हातानं चालतेय ते. एक मिनिट बाराव्या सेकंदाला मी व्हिडिओ थांबवला. मागं घेतला, पुन्हा बघितला. अम्मी दारात येऊन विचारायला लागली, काय झालं गं, पांढरी का पडलीस?

 मी हातातला चहा तसाच मोरीत ओतला.

५

पुण्याहून मारिया मॅडम तीनला आल्या. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे त्या बघतात. पत्र त्यांच्या फाइलमध्ये तयार होतं. मीटिंगच्या खोलीत सर, ओम, खाजाभाई आणि मी.

"पाच मिनिटं द्या, मॅडम," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात चूक नुसती सांगून चालत नाही. पुन्हा घडवून दाखवावी लागते. काल सकाळी मी तेवढंच केलं नव्हतं."

मोठ्या टीव्हीवर मी 'हाकारा' लावला. "रोजच्यासारखं खेळा. एकेक मिनिट."

ओम घामाघूम झाला होता तरी पळत सुटला. फाटक धाडकन उघडलं आणि पोरगी दिसेनाशी झाली. खाजाभाई विहिरीत पडले. "बघ, आजपण!" ते म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

"सर, तुम्ही."

"मला कशाला गं ह्यात," असं म्हणत त्यांनी गेमचा कंट्रोलर हातात घेतला. मारिया मॅडम बघत होत्या, नाही कसं म्हणणार? पोरगी विहिरीला वळसा घालून निघाली, फाटक उघडलं, चार पावलं पुढं गेली. थांबली. वळली. मागं येऊन तिनं फाटक लावलं आणि मग शेळ्यांकडे गेली. सरांच्या ते ध्यानातही आलं नाही. रोजच कुठं यायचं?

मी लगेच व्हिडिओ लावला. पोरगी विहिरीला वळसा घालून निघाली, फाटक उघडलं, चार पावलं गेली. थांबली. वळली. फाटक लावलं.

खाजाभाईंच्या तोंडून "तौबा" एवढंच निघालं.

"हा व्हिडिओ मंगळवारच्या बिल्डचा," मी म्हटलं.  "शेळी भिंतीतून जाते, ती चूक फक्त त्याच दिवशी होती. ते बिल्ड गुरुवारी तीनच ठिकाणी उरलं होतं. खाजाभाईंच्या कपाटात, पण त्यांना विहीर ओलांडता येत नाही. ओमच्या मशीनवर, पण तो मागं वळत नाही. आणि सरांच्या लॅपटॉपवर. शेळीची तक्रार मी मंगळवारी दुपारीच लिहिली होती. ती वाचली असती तर सरांनी हे बिल्ड वापरलं नसतं. पण माझ्या तक्रारी वाचतो कोण!"

सर हसले. खोटं हसू. "मी फाटक लावतो हे उभ्या ऑफिसाला ठाऊक हाय. मला अडकवायला कुणीबी लावलं असंल."

"तुम्हाला अडकवायचं असतं, तर त्यानं कोपऱ्यात तुमचा नंबर ठेवला असता. एकाच व्हिडिओत दोघांना कोण अडकवतं? फाटक लावणाऱ्याला फाटकाची खबरच नव्हती, सर. त्याला फक्त अकरा नंबर दाखवायचा होता."

 मग मारिया मॅडमनी विचारलं, "कानिफनाथ सर, बुधवारी तुम्हाला दिलेला चार्ट इथं कुणाला दाखवला का?"

एसीचा खर्च म्हणे! मी त्यांच्या केबिनमधल्या ड्रॉवरची किल्ली मागितली. त्यांनी ती काढून माझ्यासमोर टाकली.

गुंडाळी आणून मीच उलगडली. विभागाची नवी मांडणी होती. दोन गटांचा एक गट. सगळ्यात वर विभागप्रमुखाच्या चौकोनात नाव होतं संस्कृतीचं. तिच्याखाली जाड रेघांनी ओम आणि बाकीचे. आणि बाजूला, एका तुटक रेघेला लटकलेला छोटा चौकोन: सल्लागार, कानिफनाथ.

"तुटक रेघ," सर म्हणाले. आता त्यांचं उरलंसुरलं साहेबी मराठीही पार गळून पडलं होतं. "बारा वर्षं, मुबश्शिरा! राहात्याचं घरदार सोडून हितं ऱ्हायलो. ती आली तवा तिला माऊस धरायची अक्कल न्हवती, मी शिकवलं. आन् आता म्या तिला इचारायचं, बाई, सुट्टी घेऊ का? माझ्या बापानं गड्यालाबी आसं बाजूला बसवलं न्हाई."

"म्हणून तिचा जन्म वाया घालवायचा?"

"मला वाटलं हुतं तिला पुण्यात कुठंबी मिळंल…"

"काल तुम्हीच फोनवर सांगत होतात, बाकीच्या कंपन्यांना कळवा. मी ऐकलंय, सर. लाज वाटू द्या थोडी!"

बारा वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसेल. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आणि मला, खरं सांगते, जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

६

पुण्यानं सगळं झाकून टाकलं. मारिया मॅडमनी संस्कृतीचं पत्र फाडलं आणि सरांना प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा लिहायला लावला. बाहेर सांगायचं की व्हिडिओ तांत्रिक गोंधळातून गेला. पोलीस नाहीत, बभ्रा नाही. सोमवारी सरांना नारळ आणि शाल दिली गेली. ओमनं छोटंसं भाषण केलं, मार्गदर्शक म्हणाला. मी संडासात जाऊन तोंड धुऊन आले.

मी तक्रारवहीत सगळं लिहिलं होतं, गाव आणि नंबर घालून. मंगळवारी बघितलं तर पुण्यातून कुणीतरी त्या नोंदीपुढं शेरा मारला होता: 'माहीत आहे. दुरुस्ती करणार नाही.' पुढच्या ओळीत फाटकाची माझी जुनी तक्रार होती. तिच्यापुढंही तोच शेरा.

संस्कृती मंगळवारीच आली, दुपारी. मला वाटलं कामावर आली. तिनं एका खोक्यात आपला कप, स्वेटर आणि शेळीचं लाकडी खेळणं भरायला घेतलं.

"अगं, विभागप्रमुख केलंय तुला! नाव साफ झालंय तुझं."

"कळलं, ताई. मॅडमचा फोन आला होता. मी नाही म्हटलं."

"का पण? सर गेले."

"सर गेले. पण शुक्रवारी मी निघाले तेव्हा एकोणचाळीस माणसं खुर्चीत बसून होती. एकानं तरी विचारलं का, तू केलंस का म्हणून? ह्यांच्यावर प्रमुख होऊन काय करू मी?" ती शांतपणे बोलत होती. "गावात तर काय, शुक्रवारी संध्याकाळीच बातमी पोचली होती. पप्पांनी मला काही विचारलं नाही. जेवले मात्र नाहीत."

"माफ कर मला," मी म्हटलं. एवढ्या माणसांदेखत रडायला आलं, आलं तर आलं. "मी सही केली. नंतर मीच शोधलं गं, पण आधी सही केली."

"तुम्ही शोधलंत म्हणूनच वर आले, नाहीतर खालूनच खोकं मागवलं असतं." तिनं खोक्याचं झाकण लावलं. मग जरा थांबली. "एक विचारू, ताई? खरं सांगा. सही करायच्या आधी तुम्ही व्हिडिओ पूर्ण बघितला होता?"

"नाही."

"माझ्या गेमची एकेक शेळी तुम्ही चारचारशे वेळा भिंतीवर धडकवून बघायचात. सणावारीसुद्धा."

तिनं खोकं उचलून काखेला लावलं.

"तीन मिनिटांचाच होता ना, ताई?"

मी खोक्याला हात लावायला पुढं झाले. तिनं ते दुसऱ्या काखेत घेतलं आणि जिना उतरून गेली.